सोबतीचं तिकीट शून्य रुपये

मे 2021 मध्ये मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतल्याबरोबर एम. के. स्टालिन यांनी ज्या पहिल्या काही फायलींवर सही केली, त्यांत बायकांना शहरातल्या साध्या बसमधून फुकट प्रवास देणारी एक होती. थोड्याच दिवसांत ही सवलत तृतीयपंथी आणि अपंग प्रवाशांना मिळाली, आणि अपंग माणसाच्या सोबतीला जो कोणी असेल त्यालाही. या शेवटच्या कलमाबद्दल तामिळनाडू सरकारची पाठ थोपटायलाच हवी. घरात कुणीतरी कुणाला तरी उचलतं, धरतं, भरवतं, दवाखान्यात नेतं आणि परत आणतं, हे सरकारच्या सहसा लक्षात येत नाही. इथं ते लक्षात आलं, कागदावर आलं आणि त्याचा दरही ठरला: शून्य रुपये. आता सोबतीला बहुतेक वेळा आई, बायको, बहीण किंवा सून असते, आणि ती बाई असल्यामुळे त्याच साध्या बसमधून आधीच फुकट जात असते. म्हणजे तिला मिळालं ते आधीच फुकट असलेल्या तिकिटावरचं शंभर टक्के कमिशन. तरीही दात्याच्या हेतूवर शंका घेऊ नये. ज्या बसचं तिकीट फुकट आहे त्या बसमध्ये चढायचं कसं, एवढाच एक किरकोळ तपशील शासननिर्णयात राहून गेला.

हा तपशील मिलिमीटरमध्ये मोजता येतो. आपल्याकडच्या नेहमीच्या शहरी बसची फरशी रस्त्यापासून 900 मिलिमीटर उंच असते, म्हणजे जवळपास तीन फूट. लो-फ्लोअर बसची 400. या 500 मिलिमीटरच्या फरकावर मद्रास उच्च न्यायालयात वर्षानुवर्षं भांडण चाललं. वैष्णवी जयकुमार या कार्यकर्तीचं म्हणणं साधं होतं: 2016 चा अपंग हक्क कायदा सार्वजनिक वाहनं सर्वांना वापरता येतील अशी असावीत असं सांगतो, मग सरकार नव्या बसगाड्या पुन्हा तीन फुटांच्याच का घेतं? तरीही 1,107 बसगाड्यांची निविदा 900 मिलिमीटरची निघाली. 2023 च्या सुरुवातीला न्यायालयानं त्या खरेदीला वाट करून दिली, ती चेन्नईसाठी लो-फ्लोअर गाड्याही येतील या बोलीवर. पहिल्या 58 रस्त्यावर आल्या तोवर ऑगस्ट 2024 उजाडला होता. दरम्यान दिल्लीतही फार घाई नव्हती. डिसेंबर 2015 मध्ये सुरू झालेल्या ‘सुगम्य भारत’ अभियानानं मार्च 2018 पर्यंत सरकारी बसगाड्यांपैकी दहा टक्के सर्वांना चढता येतील अशा करायचं ठरवलं होतं. म्हणजे दहापैकी नऊ गाड्या सोडून द्यायच्या आणि दहावीची वाट बघत थांब्यावर बसायचं. या इतक्या विनम्र उद्दिष्टालाही पुढे मुदतवाढ लागली.

सरकारी बाजूचा मुख्य मुद्दा मात्र ऐकण्यासारखा होता आणि तो हसण्यावारी नेता येणार नाही. चेन्नईचे रस्ते लो-फ्लोअर बसला लायक नाहीत, असं ते म्हणणं. गतिरोधक कुठेही कसेही टाकलेले, पावसाळ्यात भुयारी मार्गांत पाणी, गल्ल्या अरुंद, गाडीचं पोट घासणार. या वाक्यातला शब्द न् शब्द खरा आहे. गंमत एवढीच की ते म्हणणारं चेन्नईचं बस महामंडळ (एमटीसी) सरकारचं, आणि रस्ते बांधणारी महापालिका आणि राज्याचं महामार्ग खातंही सरकारचंच. एका हातानं रस्ता खराब करायचा आणि दुसऱ्या हातानं न्यायालयात शपथपत्र द्यायचं की रस्ता खराब असल्यामुळे आम्ही हतबल आहोत. रस्त्याची चौकशी करायला गेलं तर तो पर्जन्यजलवाहिनीसाठी खोदलेला असतो. वाहिनीवाल्यांना विचारावं तर मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याचं काम चालू आहे. मेट्रोवाले म्हणणार, आमच्या स्थानकात लिफ्ट आहे, स्थानकापर्यंत कसं यायचं हा आमचा विषय नाही. आधीच्या थरावर नवा थर ओतून डांबरी रस्ते इतके वर चढले की घरं खाली गेली, म्हणून मे 2021 मध्ये मुख्य सचिव व्ही. इरै अन्बू यांना आदेश काढावा लागला की नवा रस्ता करण्याआधी जुना खरवडा. रस्ता करण्यापूर्वी रस्ता कसा करावा हे राज्याच्या सर्वोच्च अधिकाऱ्यानं सांगावं लागणं, ही इंजिनिअरिंगची केवढी मोठी झेप आहे!

या सगळ्यांना एका टेबलाभोवती बसवण्यासाठी एक संस्थाही आहे. चेन्नई एकात्मिक महानगर परिवहन प्राधिकरणाचा कायदा 2010 मध्ये झाला. प्राधिकरणाची पहिली बैठक झाली ती नोव्हेंबर 2022 मध्ये. वेगवेगळ्या खात्यांत समन्वय किती अवघड असतो हे सिद्ध करण्यासाठी समन्वयाच्याच संस्थेनं बारा वर्षं खर्ची घातली. याहून मोठा त्याग कुणाकडून अपेक्षावा? तोवर 2014 मध्ये महापालिकेनं पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलस्वारांसाठी देशात नावाजलेलं एक धोरण मंजूर करून ठेवलं होतं, ज्यात वाहतुकीच्या अंदाजपत्रकातला किमान 60 टक्के पैसा त्यांच्यासाठी राखायचा होता. धोरण उत्तम आहे, अजूनही वाचनीय आहे. डिसेंबर 2023 च्या अखेरीस शहराबाहेर किलांबाक्कमला प्रचंड बसस्थानक सुरू झालं तेव्हा त्याच्या शेजारून रेल्वे जात होती, पण थांबत नव्हती; स्थानकच बांधलेलं नव्हतं. धडधाकट माणसानं सामान डोक्यावर घेऊन चालावं. ज्याला चालता येत नाही त्यानं काय करावं, याचं उत्तर सर्व खात्यांकडे एकच होतं आणि ते त्यांनी कधी उच्चारलं नाही, कारण ते इतकं गृहीत धरलेलं आहे: सोबत कुणीतरी असेलच ना.

मुद्दा इथंच आहे. बसच्या पायरीचा, फूटपाथच्या तुटलेल्या कडेचा, न बांधलेल्या रेल्वे स्थानकाचा खर्च वाचत नसतो, तो फक्त एका वहीतून दुसऱ्या वहीत जातो, आणि दुसरी वही कुणी तपासत नाही. प्रत्येक खात्यानं न केलेल्या कामाचा शेवटचा ठेकेदार म्हणजे घरातला काळजीवाहक. त्याला निविदा लागत नाही, निवृत्तिवेतन लागत नाही, तो संप करत नाही, पावसाळ्यात काम थांबवत नाही. केंद्र सरकारच्याच 2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरातल्या माणसांची बिनपगारी काळजी घेणाऱ्या बायकांची दिवसातली सरासरी 134 मिनिटं त्यात जातात आणि पुरुषांची 76, असं नोंदवलेलं आहे. त्यातली किती मिनिटं केवळ पायरी आणि खड्डा यांच्यामुळे गेली, हा रकाना सर्वेक्षणात नाही. तो असता तर एखाद्या महामंडळाचा ताळेबंद फारच वेगळा दिसला असता. या ठेकेदाराची आठवण कायद्याला आहे, हे मान्य करायला हवं: 2016 च्या कायद्याच्या 24 व्या कलमात ज्यांना जास्त आधाराची गरज आहे त्यांच्यासाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. त्याच कलमाच्या सुरुवातीला, सरकारनं हे सारं आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत करावं, अशीही सोय आहे. बेचाळीस किलोच्या मुलाला तीन फूट उचलताना आईनं मात्र आपल्या कुवतीची मर्यादा सांगायची नसते. केरळनं ‘आश्वासकिरणम्’ योजनेत काळजीवाहकाला महिना 600 रुपये ठरवले, दिवसाला वीस. देशात हे पुढारलेलं राज्य समजलं जातं, आणि या बाबतीत ते खरोखरच पुढारलेलं आहे, यावरून बाकीच्यांचा अंदाज यावा. तामिळनाडूनं तीव्र अपंगत्व असलेल्यांचा निर्वाह भत्ता जानेवारी 2023 पासून 1,500 वरून 2,000 केला. चेन्नईत दवाखान्याच्या काही फेऱ्या रिक्षानं केल्या की हे पैसे संपतात. म्हणजे सरकारनं एका खिशातून भत्ता दिला आणि बस उंच ठेवून तो रिक्षावाल्याकडे वळता केला. महामंडळाला यात तोटाच झाला, गिऱ्हाईक गेलं.

यावर हिशेबी माणूस म्हणेल, व्हीलचेअरवरून बसनं जाणारे असतात किती? मूठभरांसाठी महागड्या गाड्या घ्यायच्या? हा प्रश्न विचारणारा बहुधा बसच्या दारात उभा राहून मोजणी करतो आणि जे चढू शकले नाहीत ते मोजणीत नाहीत याचं त्याला समाधान वाटतं. शिवाय तीन फुटांची चढण केवळ व्हीलचेअरची अडचण नाही. संधिवातानं गुडघे गेलेली आजी, सात महिन्यांची गरोदर बाई, कडेवर एक आणि हाताला एक मूल असलेली आई, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करून परतणारा माणूस, डोक्यावर मासळीची पाटी असलेली कोळीण, हे सारे त्याच पायऱ्यांवर खोळंबतात, आणि त्यांच्यामागे रांगेत उभे असलेले धडधाकट प्रवासी आणि त्यांच्यामागे भोंगा वाजवणारी गाडीही खोळंबते. सखल बसमध्ये माणसं पटकन चढतात, बस लवकर सुटते. एवढ्यावर महामंडळाला फायद्याचं गणित मांडता आलं असतं, पण त्यासाठी प्रवाशाकडे भार म्हणून बघण्याची सवय सोडावी लागते.

दुसरा आक्षेप अधिक न्याय्य आहे आणि तो मांडणाऱ्याला पूर्ण गुण द्यायला हवेत. चेन्नईत आता बदल होतो आहे. जून 2025 च्या शेवटच्या दिवशी व्यासरपाडी आगारातून 120 विजेवरच्या लो-फ्लोअर गाड्या निघाल्या, ऑगस्टमध्ये पेरुंबाक्कमहून आणखी आल्या, सप्टेंबरात बस, लोकल, मेट्रो यांचं एकत्र तिकीट काढणारं ‘चेन्नई वन’ ॲपही आलं. हे सगळं खरं आहे, चांगलं आहे, आणि मुंबई-पुण्यातल्या वाचकानं त्याकडे बघून नाक मुरडावं अशी आपली स्थिती नाही. आपल्याकडे ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट आहे, मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, आणि दोघांच्याही गुडघ्यांना लाल गाडीच्या पायऱ्या पूर्वी होत्या तेवढ्याच आहेत. पंचाहत्तरीनंतर प्रवास फुकट करणं म्हणजे, जो चढून दाखवेल त्याला बक्षीस, असा काहीसा क्रीडा खात्याचा उपक्रम वाटतो. चेन्नईच्या बदलाकडे बघताना मात्र एक गोष्ट नोंदवून ठेवायला हवी. ज्या रस्त्यांवर लो-फ्लोअर बस चालूच शकत नाही असं न्यायालयात सांगितलं गेलं, त्याच शहरातल्या रस्त्यांवर त्या आता चालत आहेत. रस्ते एका वर्षात गुळगुळीत झाले, असा दावा कुणी केलेला नाही. याचा अर्थ अडचण डांबरात कमी आणि इच्छेत जास्त होती. ती इच्छा निर्माण व्हायला एक खटला आणि जागतिक बँकेचं कर्ज लागलं, यात मतदाराचा वाटा किती, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

आणि म्हणून उत्तरदायित्वाचा प्रश्न नव्या गाड्यांनी मिटत नाही. गाड्या येतात तेव्हा श्रेय घ्यायला हिरवा झेंडा असतो. त्या आल्या नाहीत त्या वर्षांची जबाबदारी कुणाची, याला झेंडा नाही. मोटार वाहन कायद्यात 2019 मध्ये 198-अ हे कलम घातलं गेलं: रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल मानकांप्रमाणे न केल्यामुळे कुणाचा जीव गेला किंवा कुणाला अपंगत्व आलं, तर जबाबदार प्राधिकरण आणि ठेकेदार यांना एक लाखापर्यंत दंड. हेल्मेट न घातल्याचा दंड चौकात उभ्या उभ्या वसूल होतो. या कलमाखाली एखाद्या कार्यकारी अभियंत्याला चौकात अडवल्याचं चित्र कुणाच्या डोळ्यांसमोर येतं का बघा. रस्ता सुरक्षेचा जो खटला कोइंबतूरचे अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. एस. राजशेखरन यांनी सर्वोच्च न्यायालयात नेला, त्यात मे 2025 मध्ये न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांनी सांगितलं की चालण्याजोगा फूटपाथ हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे. हाडं जोडणाऱ्या डॉक्टरला हाडं मोडणाऱ्या व्यवस्थेवर दावा लावावा लागतो, यात रुग्णालयाचं नुकसान आणि देशाचा फायदा आहे. त्याआधी नोव्हेंबर 2024 मध्ये सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या पीठानं राजीव रतुरी खटल्यात दाखवून दिलं होतं की 2016 चा अपंग हक्क कायदा ‘करावंच लागेल’ म्हणतो आणि त्याखालचा नियम ‘केलं तर बरं’ म्हणतो. तीन महिन्यांत सक्तीचे नियम करा, असंही सांगितलं होतं. सक्ती कशी करावी हे सरकारला माहीत नाही असं नाही. रिटर्न भरायला एक दिवस उशीर करून बघावा. मुंबई उच्च न्यायालयानं ऑक्टोबर 2025 मध्ये या दुखण्याची नस बरोबर पकडली: खड्ड्यात जीव गेला तर वारसांना सहा लाख, जखमीला पन्नास हजारांपासून अडीच लाखांपर्यंत, आणि ते पैसे दोषी अधिकारी-ठेकेदाराकडून वसूल करण्याची भाषा. मरणाचा आणि मोडलेल्या हाडाचा भाव त्यामुळे ठरला. आता राहिला तो रोजच्या उचलण्याचा.

तोही ठरवता येईल, आणि त्यासाठी क्रांती नको, कारकुनी पुरेल. एमटीसीनं किंवा आपल्या एसटीनं नवी बस विकत घेताना निविदेत एक जादा ओळ घालावी: फरशी 400 मिलिमीटरपेक्षा जेवढी वर, तेवढ्या उंचीवर माणसं चढवण्याची मजुरी, बसच्या आयुष्यभराची, किमान वेतनाच्या दरानं, महामंडळाच्या खर्चात धरली जाईल आणि ज्यांनी ती मजुरी केली त्यांच्या खात्यात जमा होईल. फूटपाथ नसलेल्या रस्त्याच्या बिलातही अशीच ओळ असावी, आणि ती भरल्याशिवाय ठेकेदाराची अनामत सुटू नये. हिशेब ठेवणं कठीण आहे असं वित्त खातं म्हणेल. तर हमालीचे दर सरकारजवळ आहेतच, पोत्याच्या वजनानुसार ठरलेले. आईच्या पाठीला पोत्याचा दर मिळाला तरी सध्याच्या शून्यापेक्षा तो बराच होईल. अशी ओळ खरोखर छापली गेली, तर उंच बस स्वस्त आणि सखल बस महाग हा आजवरचा सिद्धांत पहिल्या निविदापूर्व बैठकीतच कोसळेल, आणि लो-फ्लोअर गाड्यांसाठी अनुकूल रस्ते शहरात आहेत असा अहवाल त्याच आठवड्यात, त्याच अधिकाऱ्यांच्या सहीनं सादर होईल.