तुटत्या नात्यावरचे गाणे : पुणे शहरापुरत्या सूचना

गाणे नात्याच्या आधी पुरे करावे. एकदा नाते पुरते तुटले की माणूस वेळेवर जेवतो, रात्री झोपतो आणि चालीतला जीव जातो. म्हणून मोडत आलेय पण मोडलेले नाही, अशा अवस्थेतच गिटार हातात घ्यावी. कॅपो दुसऱ्या फ्रेटवर, सुरुवात ए मायनरने.

बसायला झेड ब्रिज उत्तम. खाली मुठा असते. गाण्यात मात्र तिला नुसते ‘नदी’ म्हणावे. नाव घेतले की श्रोत्यांना वास आठवतो. पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडले की भिडे पूल बुडतो. ही प्रतिमा कितीही फुकट मिळाली तरी टाळावी, कारण लोक गाणे सोडून ‘मग कर्वे रोडला कसं जायचं’ यावर बोलू लागतात.

खरे कसब शब्दांत. भांडणाची कारणे जशीच्या तशी लिहिणे हा नवख्यांचा दोष. रोज तिची अ‍ॅक्टिव्हा नेऊन पेट्रोल एकदाही भरले नाही, हे ‘आपण रिकामे होत गेलो’ असे लिहावे. तिच्या वाढदिवशी साउंडचेकला गेलो, म्हणजे ‘ऋतू चुकला’. तिचे ‘कुठे आहेस?’ हे मेसेज वाचून ठेवून दिले, त्याची ‘शांतता’ होते. तिला कडव्यात बोलू देऊ नये. ती बोलली तर पेट्रोलचा विषय निघेल.

असेच एक गाणे, प्रतीक कुहाडचे ‘कोल्ड/मेस’, 2018 सालचे. पुढच्या वर्षी ते ओबामांच्या आवडत्या गाण्यांच्या यादीत गेले, आणि तेव्हापासून कोथरूडमधला प्रत्येक उदास मुलगा अमेरिकेकडे डोळे लावून बसला आहे. घरच्यांना असली गाणी समजावू नयेत. ‘संदीप-सलीलसारखंच, फक्त तबला नाही’ एवढे सांगावे. “मग शब्द कळतील ना रे?” असे आई विचारेल. विषय बदलावा.

आवाज नुकताच उठल्यासारखा ठेवावा. रेकॉर्डिंग बेडरूममध्ये, डोक्यावर रजई घेऊन. मध्येच कुकरची शिट्टी आली तर काढू नये. तिला लो-फाय म्हणतात आणि समीक्षकांना ती आवडते. (आमच्या मते बहुतेक गाण्यांत तेवढी एक शिट्टीच मनापासून आलेली असते.)

कार्यक्रमात गाण्याआधी “हे कुणाबद्दल नाहीये” असे पुटपुटावे, आणि पहिल्या रांगेतल्या तिच्या मैत्रिणींकडे पाहू नये.

शेवटची सूचना कटाक्षाने पाळावी : गाणे रिलीज करण्यापूर्वी तिला एक फोन करावा. नाते तुटत असल्याचे तिला अजून कुणी कळवलेले नसते.