इंचाला मैल, पायलीला दीड

(कशेळे नाका. कर्जत-मुरबाड रस्त्यावरची चहाची टपरी. जुलैची झड. बाकावर इंग्रजीचे गुरुजी, पुढ्यात कागद आणि कांदाभज्यांची प्लेट. जमिनीचा एजंट छत्री झटकत येतो.)

एजंट : काय गुरुजी, कसले कागद? सातबारा?

गुरुजी : घटक चाचणी. इंग्रजी वाक्प्रचार. दुसऱ्याचा गैरफायदा घेण्यावर त्या लोकांकडे केवढं भांडार आहे बघा.

एजंट : (बसत) दीडशे वर्षं प्रॅक्टिस केली त्यांनी इथे. एक भजं घेऊ?

गुरुजी : घ्या. हा बघा पहिला. ‘मेक हे व्हाइल द सन शाइन्स.’ ऊन आहे तोवर गवत वाळवून घ्या.

एजंट : साफ चूक. आपला सीझन पावसाचा. प्लॉटवरून धबधबा दिसतो तो जुलैत. डिसेंबरात नुसता काळा कातळ. ऊन पडलं की गिऱ्हाईक शुद्धीवर येतं.

मावशी : (कढईतून मान वर न करता) आन् गवत वाळवणं म्हंजे गैरफायदा कसा वो? कापा, वाळवा, भारे बांधा. कंबर मोडते. ते तर काम हाय.

गुरुजी : (खोडत) खरं आहे. हा प्रश्न बाद. दुसरा, ‘टेक समवन फॉर अ राइड.’ एखाद्याला गाडीतून फिरवून आणणे...

एजंट : दर रविवारी. खांडसपर्यंत. डिझेल माझं.

गुरुजी : अर्थ, फसवणे.

एजंट : (दुसरं भजं) तेच म्हणतोय! परवा मुंबईची पार्टी तीन तास फिरली, फोटो काढले, गावठी कोंबडी जेवली, आणि निघताना म्हणे, ‘आमच्याकडे शेतकरी दाखला नाही.’ त्याशिवाय शेतजमीन नावावर होत नाही, हे त्यांना घरूनच ठाऊक. आता सांगा, कुणी कुणाला फिरवलं?

मावशी : आन् तुमी त्यांना ठाकरवाडीची जमीन दाखवली ती?

एजंट : आदिवासींची जमीन कलेक्टरच्या परवानगीशिवाय हलत नाही, मावशी. मी लांबून दाखवली. व्ह्यू म्हणून.

गुरुजी : आता पाच मार्कांचा. ‘गिव्ह अ‍ॅन इंच अँड दे विल टेक अ माइल.’ मराठीत भटाला दिली ओसरी. पण वर्गात म्हणायची सोय नाही, मुख्याध्यापकांचं आडनाव आडवं येतं.

एजंट : मग ‘मऊ लागलं म्हणून कोपराने खणू नये’ घाला. (तिसरं भजं) जमिनीचं आहे, शिवाय कुणाच्या आडनावाचं नाही.

मावशी : इंचाला मैल? असला बेहिशेबी कारभार आमच्याकडं नव्हता. सावकाराचं माप पक्कं. दिढी.

गुरुजी : दिढी? हा वाक्प्रचार?

मावशी : व्याज! आषाढात कणगी रिकामी. पायलीभर भात आणायचं, पिकलं की दीड पायली घालायचं. चार महिन्यांत. नायतर पालेमोड. पीक उभं असतानाच त्यो भाव करणार. आपली पोरं उपाशी, त्याचं पोट भरलेलं. मग भाव कुणाचा खरा होणार?

गुरुजी : माथेरानच्या भाई कोतवालांनी त्यापायीच धान्यकोठ्या काढल्या होत्या. वकील माणूस. २ जानेवारी १९४३ला सिद्धगडावर गोळ्या खाऊन गेला. हिराजी पाटीलही त्यांच्यासोबत.

मावशी : आन् मागनं इथं कशेळ्यात अकॅडमी नावाच्या संस्थेवाल्यांनी वाड्यावाड्यांवर धान्य बँका उभ्या केल्या. सुगीत घाला, पावसात न्या. वर द्यायचं भात वाडीच्याच कोठीत. सावकाराला कोण इचारतो मग?

गुरुजी : (पेन चावत) ह्याला इंग्रजीत काय म्हणावं...

एजंट : सावकार मंदी म्हणत असतील.

(गुरुजी लिहिता लिहिता प्लेटकडे हात नेतात. प्लेटमध्ये एक मिरची.)

गुरुजी : अहो! एक भजं म्हणाला होतात!

एजंट : तो इंच. उदाहरण डोळ्यांसमोर असलं की पोरांना समजावताना सोपं जातं. (छत्री उघडत) मावशी, ही प्लेट माझ्या नावावर लिहा. मंगळवारी एक टोकन येतंय.

मावशी : (पाटीवर खडूनं) लिहिली. दीड प्लेट.