सूचक मीच, अनुमोदकही मीच

मुरगूडच्या एसटी स्टँडजवळ चहा घेताना आमच्या एका पाहुण्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्यांचं गाव दुसरीकडचं. नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही; चांद्यापासून बांद्यापर्यंत कितीतरी नगरपालिकांच्या कपाटांत याच जातीचे कागद आहेत. गटारीच्या कामाचा ठराव होता. खाली दोन शिक्के. एक मुख्याधिकाऱ्यांचा, 'मान्यतेस्तव सादर'. दुसरा प्रशासकांचा, 'मान्य'. सही मात्र दोन्हींवर एकच. तोच फराटा, त्याखाली तीच दोन टिंबं आणि तारीखही तीच.

"जुळं भाऊ हायत काय ओ ह्ये?" पाहुण्यांनी विचारलं.

जुळे नव्हेत. एकच साहेब. पण त्या दिवशी कचेरीत काय घडलं असेल, हे काही माझ्या डोक्यातून जाईना. साहेबांनी टिपणी लिहिली, ती वरिष्ठांकडे पाठवली, म्हणजे टेबलाच्या डाव्या बाजूचा कागद उजव्या बाजूला सरकवला. मग ते खुर्चीतून उठले असतील का? समोर उभं राहून 'साहेब, तेवढं बघून घ्या' म्हणाले असतील का? प्रशासकांनी त्यांना थोडं ताटकळत ठेवलं असेल. अंदाजपत्रक जरा फुगलंय, अशी शंकाही काढली असेल. पण माणूस विश्वासातला, पूर्वीपासून ओळखीचा, म्हणून सोडून दिलं असेल. चहा एक आला की दोन? विरोधकांनी सभात्याग केला म्हणावं, तर साहेब जेवायला गेले की सगळं सभागृहच रिकामं. आणि समजा एखाद्या दिवशी प्रशासकांनी प्रस्ताव फेटाळलाच, तर मुख्याधिकाऱ्यांनी रुसायचं कुणावर? पण तशी वेळ आली नसावी. एकमताने मंजूर होण्याची इतकी खात्री दुसऱ्या कुठल्या सभागृहात मिळणार?

आमच्या या कुस्तीवेड्या मुलखात एखादा पैलवान एकटाच आखाड्यात उतरला, त्याने स्वतःलाच चितपट केलं आणि स्वतःचाच हात वर करून इनाम घेऊन गेला, तर लोक पंचांना घरी जाऊ देणार नाहीत. इथे मात्र 2022 पासून जवळजवळ चार वर्षं राज्यभर हाच फड चालला आणि आपण पाणीपट्टी भरत बसलो. घरपट्टीची नोटीस एकदाही तहकूब झाली नाही, हे विशेष! निवडणूक तेवढी तहकूब. कधी प्रभागरचना, कधी आरक्षण, कधी प्रकरण न्यायप्रविष्ट. चौकाचौकात 'माजी' आणि 'भावी' यांचे फलक एवढे की पलीकडची एसटी दिसेना, पण गटार तुंबली तर सांगायला आजी नगरसेवक औषधाला नाही.

आता चेष्टा पुरे. राज्यघटनेचा अनुच्छेद 243-यू काढून बघा. नगरपालिकेची मुदत पाच वर्षं, त्याहून अधिक नाही; ती संपायच्या आत निवडणूक झाली पाहिजे; मध्येच बरखास्त केली तरी सहा महिन्यांत नवी आली पाहिजे. 74वी घटनादुरुस्ती 1 जून 1993 पासून लागू आहे. यात 'सवडीने' असं कुठे लिहिलेलं नाही. नळाचं बिल भरायला आठवडा उशीर झाला तर आमच्या दारात माणूस उभा राहतो, आणि घटनेला चार वर्षं उशीर करणाऱ्यांना दंड किती? शून्य रुपये. 1 मार्च 1949 रोजी करवीर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि एकट्याच्या हुकमाचा कारभार संपला, असं आम्हाला शाळेत शिकवलं. महाराजांकडे निदान गाऱ्हाणं नेता येत होतं. या दोन शिक्क्यांपैकी गाऱ्हाणं कुणाकडे न्यायचं? खालच्याची तक्रार वरच्याकडे?

अखेर 2 डिसेंबर 2025 ला मतदान झालं, पेट्या फुटायला 21 तारीख उजाडली. आता सदस्य आहेत, सभा आहेत, सूचक आणि अनुमोदक वेगवेगळे आहेत. पाहुण्यांनी गटारीचं विचारलं तर नवे सदस्य म्हणाले, "ते प्रशासकांच्या काळातलं, आम्हाला काय माहिती?" प्रशासकांची केव्हाच बदली झाली.

तेव्हा वाचकहो, आपापल्या गावच्या त्या चार वर्षांतल्या ठरावांच्या नकला मागा. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं.