सभ्य पणजोबा काय कामाचा?

हा माणूस ओळखायचा पिशवीवरून. पिशवी रेक्झिनची, चेन तुटलेली, वरून सुतळी. आत झेरॉक्सची चळत, प्लॅस्टिकच्या कव्हरात एक जीर्ण सातबारा, भिंग, आणि दुपारच्याला भाकरी. कुंभार पिंपळगावच्या थांब्यावर सकाळच्या गाडीला अशी पिशवी पोटाशी धरून कुणी बसलेलं दिसलं, की समजावं हा पणजोबांच्या मागावर निघालाय.

त्याचं नाव काहीही असो, आपण त्याला नाना म्हणू. घनसावंगी तालुक्यात आज गावागणिक एक नाना आहे. मोठ्या गावात दोन असतात आणि त्यांचं एकमेकांशी पटत नाही.

नानांना इतिहासाची आवड जन्माची नव्हती. 2023 पर्यंत त्यांना पणजोबांचं नाव विचारलं तर ते बायकोकडं बघायचे. त्या वर्षी 29 ऑगस्टला शेजारच्या अंबड तालुक्यात, अंतरवाली सराटीला मराठा आरक्षणासाठी मनोज जरांगे पाटलांचं उपोषण सुरू झालं. सप्टेंबरात सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि कचेऱ्यांच्या माळ्यावरची गाठोडी खाली उतरली. निजामाच्या काळातल्या कागदात आपल्या माणसाच्या नावापुढं 'कुणबी' लिहिलंय का, एवढंच बघायचं होतं. कुणबी ओबीसीत येतात, आणि त्या दाखल्याला पुरावा 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा लागतो. त्यातलं राजकारण ज्याचं त्यानं बघावं, आपला विषय नाना. पोराच्या ॲडमिशनसाठी एक कागद आणतो म्हणून ते घरातून निघाले, ते अजून परत आलेले नाहीत. जेवायला येतात, झोपायला येतात, पण परत आले असं घरचे म्हणत नाहीत.

सुरुवातीला नानांना वाटलं होतं, तहसीलला जायचं, नाव सांगायचं, कागद घ्यायचा. तिथं त्यांना कळलं की पणजोबा कुठल्या रजिस्टरात दडलेत हे आधी आपणच सांगायचं असतं. आणि रजिस्टरं तरी किती! महसुलाचं खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कुळ नोंदवही. जन्ममृत्यूचा गाव नमुना 14. शाळेचं प्रवेश-निर्गम रजिस्टर. भूमी अभिलेखचं पक्का बुक, शेतवार पत्रक, वसुली बाकी, क्लासर रजिस्टर. निबंधकाकडची खरेदीखतं, साठेखतं, इसार पावत्या, मृत्युपत्रं. इथवर नाना माना डोलवत होते. मग यादी पुढं गेली. पोलिसांचं गाववारी, क्राईम रजिस्टर, अटक पंचनामे. तुरुंगातलं कच्च्या कैद्यांचं रजिस्टर. उत्पादन शुल्क खात्याची मळी नोंदवही आणि ताडी नोंदवही.

नानांनी चष्मा काढून पुसला. "आमचे पणजोबा माळकरी होते हो," ते म्हणाले.

"मग अवघड आहे," कारकून म्हणाला.

या एका वाक्यानं नानांच्या संशोधनाला दिशा मिळाली. सरकार माणसाचं नाव कधी लिहितं? त्याच्याकडून काही यायचं असतं तेव्हा, किंवा त्यानं काही केलेलं असतं तेव्हा. सारा थकला, कर्ज काढलं, बांध कोरला, डोकं फोडलं, शिंदीच्या दुकानात उधारी केली, की नोंद झालीच. ज्यानं वेळेवर सारा भरला, कुणाशी भांडण केलं नाही, पोरांना शाळेत घातलं नाही आणि एकादशीला गुपचूप मेला, त्याला कागदानं कशाला विचारावं? नानांचे पणजोबा नेमके असे निघाले. त्यांचे थोरले चुलते मात्र उचापती गृहस्थ. तीन फिर्यादी, एक जामीन, शिवाय गहाणखत. तिन्ही ठिकाणी नाव, बापाचं नाव, जात, धंदा, उजव्या हाताचा अंगठा. नाना आता त्या चुलत शाखेविषयी ज्या आदरानं बोलतात, तो आदर स्वतःच्या पणजोबांच्या वाट्याला आलेला नाही. "आमच्या म्हाताऱ्यानं एखादी चापट जरी मारली असती कुणाला!" असा त्यांचा उसासा असतो.

दुसरी अडचण भूगोलाची. पणजोबा जन्मभर एका जागी बसून होते, फिरत होतं ते सरकार. ते जन्मले निजामाच्या मुलखात. 17 सप्टेंबर 1948 ला निजाम शरण आला आणि गाव हैदराबाद राज्यात राहिलं. 1 नोव्हेंबर 1956 ला ते द्विभाषिक मुंबईत गेलं, 1 मे 1960 ला महाराष्ट्रात, 1 मे 1981 ला औरंगाबाद जिल्ह्यातून फुटून जालन्यात. तालुका आधी अंबड, मग घनसावंगी. जागचं न हलता एवढा प्रवास, आणि प्रत्येक मुक्कामी दप्तराचा एखादा गठ्ठा मागं राहिलेला. म्हणून नाना घनसावंगीत शोधतात तो कागद अंबडला असतो, अंबडचा संभाजीनगरला (म्हणजे जुन्या औरंगाबादला), आणि संभाजीनगरचा माणूस पेन कानावर ठेवून म्हणतो, "हैदराबादला बघा."

नानांनी तेही बघितलं. जालन्याहून पहाटे देवगिरी एक्सप्रेस धरली आणि तारनाक्याच्या अभिलेखागारात जाऊन उभे राहिले. तिथल्या कागदात उर्दू आणि फारसी, आणि नानांची उर्दू हिंदी सिनेमाच्या गाण्यांपुरती. त्यांना वाटायचं उर्दू येते.

लिपी हे प्रकरण गावात वेगळंच रंगलं. मोडी वाचणाऱ्या एका निवृत्त गुरुजींना वीस वर्षं कुणी चहा विचारला नव्हता. आता त्यांच्या ओट्यावर रांग. उर्दू वाचणारे एक म्हातारे चाचा होते, निजामाच्या शाळेत शिकलेले. त्यांच्या दारात सकाळीच मोटरसायकली लागायच्या. चाचा एकेक ओळ बोटानं दाबून वाचायचे आणि नाना श्वास रोखून.

"सात... आबान... तेराशे चव्वेचाळीस."

"आबाच! आमचाच आबा!" नाना ओरडले.

"आबान महिना आहे," चाचा शांतपणे म्हणाले. "फसली साल."

निजामाच्या फसली सालात 590 मिळवले की इसवी सन येतो, थोडा इकडंतिकडं. आजूर, दै, बहमन करत शेवटचा महिना आबान. ही बेरीज नानांना इतकी भिनली आहे, की बायकोनं गॅस कधी संपला विचारलं तर तेही ते आधी फसलीत सांगतात.

मग कुणीतरी सांगितलं की नाशिकला रामकुंडावर तीर्थोपाध्यांच्या वह्या असतात. ही गोष्ट खरी आहे आणि भारी आहे. गावागावांचे उपाध्ये ठरलेले, त्यांच्याकडं पिढ्यान् पिढ्या जपलेल्या वह्या. यात्रेला आलेला माणूस आपलं, बापाचं, आजाचं नाव लिहवून घेतो, येत असेल तर खाली सही करतो. नाना गेले. उपाध्यांनी विचारलं,

"गाव?"

"कुंभार पिंपळगाव."

"तालुका?"

"घनसावंगी."

"असा तालुका आमच्या वहीत नाही."

"मग अंबड बघा की!"

अंबड निघालं, गावही निघालं आणि साक्षात माळकरी पणजोबा निघाले. सिंहस्थाला आले होते. पुढं चार मुलांची नावं. नानांचे डोळे भरून आले. मग त्यांनी भिंग लावलं, पान उलटं केलं, उजेडात धरलं. देवाच्या दारी आलेल्या त्या सज्जनानं जात तेवढी लिहवली नव्हती. दक्षिणा मात्र वहीत होती, आणि ती बघून उपाध्यांनी नानांकडंही अपेक्षेनं बघितलं.

यानंतर नाना दगडांकडं वळले. जालन्याला एके काळी इंग्रजांची मोठी छावणी होती, त्या काळातली गोऱ्यांची थडगी तिथं आहेत. नाना त्या कबरस्तानात गेले आणि हेवा घेऊन परतले. इंग्रजाचं सगळं वेगळं. माणूस मेला की दगडावर नाव, वय, पलटण, तारीख, वर बायकोचं नाव. विलायतेतला नातू कधीही यावा, गवत बाजूला सारावं आणि वाचून जावं. आपल्याकडं तिसऱ्या दिवशी राख सावडायची आणि गोदावरीत सोडायची. एवढ्या तत्परतेनं पुरावा नष्ट करणारी जमात जगात दुसरी नसेल, असं नानांचं मत आहे. वारंवार मांडतात, विशेषतः मातीला गेल्यावर.

तरी काही दगड उरतात. शेतात पूर्वजाचा ओटा असतो, त्याला समाध म्हणतात, पण त्यावर अक्षर नसतं. वेशीपाशी वीरगळ असते, खाली लढाई, मध्ये अप्सरा, वर शिवलिंग. पण गावानं पिढ्यान् पिढ्या शेंदूर चढवून त्या वीराचा मारुती करून टाकलेला. नाना एकदा तो शेंदूर खरवडताना सापडले. "देव उघडा करतोय" असा आरोप झाला. "पूर्वज उघडा करतोय" या त्यांच्या खुलाशानं प्रकरण जास्तच चिघळलं.

नानांचं खरं दुखणं जवळच आहे. पिंपळगावापासून थोड्या अंतरावर जांब समर्थ, समर्थ रामदासांचं जन्मगाव. 1608 सालचा जन्म, नारायण सूर्याजीपंत ठोसर. बापाचं नाव, आईचं नाव, भावाचं नाव, सगळं पोरासोरांना पाठ. "बघा," नाना म्हणतात, "लग्नात 'सावधान' ऐकून जो पळाला त्याची वंशावळ चारशे वर्षं टिकली. आमचे म्हातारे मुकाट बोहल्यावर उभे राहिले, बारा-बारा पोरं वाढवली, त्यांचा कागद नाही." याला उत्तर नाही. ठोसरांच्या घरात कुलकर्णीपण होतं, म्हणजे लिहिणारा हात घरातलाच, हे उत्तर आहे खरं, पण नानांपुढं ते कुणी देत नाही.

गावात खरी उलथापालथ केली ती वंशावळीनं. एकाची नोंद सापडली की त्याच्या रक्ताच्या नातेवाइकांना ती चालते. झालं! ज्यांनी धुऱ्यावरून कोर्टात तारखा घेतल्या, एकमेकांच्या मौतीला गेले नाहीत, त्यांना एका पावसाळ्यात आपण सख्ख्या चुलत घरातले असल्याचा साक्षात्कार झाला. उचापती चुलत्याच्या शाखेतले अण्णा आता नोंदवाले. त्यांच्या पडवीत नाना पेढ्याचा पुडा घेऊन बसलेले मी बघितलेत.

"अण्णा, आपण काही दोन नाही."

"धुरा कोरताना कामून नाही आठवलं?"

"तवा कागद नव्हता ना हाती."

अण्णांनी पेढा खाल्ला, झेरॉक्स दिली आणि धुरा चार वीत मागं घ्यायला लावला. मराठवाड्यातली जमिनीची भांडणं मिटवायला न्यायालयं वाढवण्यापेक्षा वंशावळी वाढवाव्यात, असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

वंशावळीचा तक्ता नानांनी भिंतीवर लावलाय. फ्लेक्सवर छापून घेतला, वर मूळ पुरुष, खाली फांद्या, कोपऱ्यात नानांचा गॉगल घातलेला फोटो. सात पिढ्यांत एकही बाई नाही. सगळे बाप्ये, एकातून एक उगवलेले. आणि गंमत अशी, की त्यातली निम्मी नावं नानांना जिनं सांगितली ती म्हणजे गल्लीतली नव्वदीतली म्हातारी आजी. आजीला फसली कळत नाही. तिची सालं 'रझाकाराच्या वक्ती', 'बाहात्तरच्या दुष्काळात', 'तांबडी गाय मेली तवा' अशी. पण कोण कुणाला दत्तक गेला, कुणाची पहिली बायको कुठली, कुठलं घर कुठून उठून आलं, सगळं तोंडपाठ. तक्त्यावर बोट ठेवून ती एकदा म्हणाली, "ह्यो याचा लेक नव्हं, भाऊ व्हता. थोरली वहिनी मेल्यावर त्येनं संभाळला." नानांचा एक पूर्ण मजला खाली आला. कागदाला आधार काय, असं त्यांनी विचारलं. आजी म्हणाली, "म्या जेवू घातलंय त्येला."

2 सप्टेंबर 2025 ला हैदराबाद गॅझेटियरचा शासन निर्णय निघाला आणि गावपातळीवर समिती आली: ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी, सहायक कृषी अधिकारी. नानांनी निर्णय खालून वर दोनदा वाचला. त्यांचं नाव नव्हतं. हा आपल्यावर झालेला पहिला प्रशासकीय अन्याय, असं ते मानतात. त्यांच्या मुलाला दरम्यान अण्णांच्या नोंदीवर दाखला मिळाला, ॲडमिशन झालं, तो शिकायला पुण्याला गेलासुद्धा. काम संपलं होतं. तरी सोमवारी सकाळी सुतळी बांधलेली पिशवी पुन्हा थांब्यावर. आता ते मूळ पुरुष कुठून आला ते शोधताहेत, आणि वंशावळी लिहिणाऱ्या भाटाची वही एका गावी असल्याची खबर आहे. बायको म्हणते, "गेलेल्या माणसांना हुडकायला येवढे फिरता, जित्या मामाला दवाखान्यात बघून या." नाना मामांना भेटून आले. येताना त्यांच्या आजोबांचं नाव लिहून आणलं.

तुम्हालाही असा शोध घ्यायचा असेल, तर पिंपळगावच्या नानांना जरूर भेटा. जेवणाच्या वेळेआधी तासभर तरी जा, नाहीतर जेवण होऊन वर रात्र होईल. सोबत गट नंबर, गावाचा जुना तालुका आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईनं सांगितलेली नावं आणा. आणि एक विनंती. घराण्यात कुणी मारामारी केली असेल, कर्ज बुडवलं असेल, शिंदी प्यायली असेल, तर लाजू नका. पहिल्यांदा तेच सांगा.