प्रथमच गेमिंग संगणक जुळवू पाहणाऱ्या उमेदवारांस मार्गदर्शन

तयार संगणक विकत घेणारा मनुष्य हा केवळ ग्राहक असतो. परंतु त्याचेच सात-आठ सुटे भाग तितक्याच खोक्यांतून घरी आणून, जेवणाच्या टेबलावर मांडून, हाती स्क्रू-ड्रायव्हर घेऊन जो बसतो, तो संगणक सुरू होवो अथवा न होवो, त्या दिवसापासून आप्तेष्टांत तज्ज्ञ म्हणून मान्यता पावतो आणि पुढे कोणाच्या मामेभावाचा प्रिंटर बिघडला तरी प्रथम त्यालाच पाचारण केले जाते. या मानाची ज्यांना आकांक्षा आहे, परंतु ती पुरवण्याइतका पैसा ज्यांच्या गाठी नाही, अशा उमेदवारांच्या सोयीसाठी पुढील नियम सादर केले आहेत.

पहिला विषय मंजुरीचा. खजिना वडिलांच्या ताब्यात असल्यामुळे त्यांच्याकडे करावयाच्या अर्जात ‘गेम’ हा शब्द येऊ देऊ नये, असा शिरस्ता आहे. ‘कॉलेजचे प्रोजेक्ट’, ‘थ्रीडी डिझाइन’ आणि ‘पुढे उपयोगी पडेल’ या तीन सबबी आजवर पुरेशा ठरत आल्या आहेत. वडील व्यवहारी असल्यास “मग लॅपटॉप काय वाईट आहे रे?” असा प्रश्न हमखास येतो, आणि त्यावर “बाबा, लॅपटॉपचं ग्राफिक कार्ड पुढे बदलता येत नाही,” हे उत्तर, ते बहुतांशी खरेच असल्यामुळे, निःसंकोच द्यावे. मंजूर झालेल्या रकमेतून मॉनिटर, कीबोर्ड, माउस आणि यूपीएस यांची तरतूद आधी वेगळी काढावी. कारण बहुतेक उमेदवार पेटीच्या आतल्या वस्तूंचाच जमाखर्च मांडतात, आणि पेटी तयार झाल्यावर पाहायचे कशात, हा प्रश्न त्यांना मागाहून सुचतो.

भाग निवडताना प्रोसेसरपासून आरंभ करून मॉनिटरपाशी थांबण्याचा जो क्रम लोकांत रूढ आहे, तो सुज्ञाने उलटा करावा. १९२० × १०८० च्या पडद्यावर २०,७३,६०० ठिपके असतात. बाजारात ज्याला ‘फोर-के’ म्हणतात त्या ३८४० × २१६० च्या पडद्यावर ते बरोबर चौपट, म्हणजे ८२,९४,४०० होतात. आणि मॉनिटर १४४ हर्ट्झचा असून त्याचा पुरेपूर उपयोग करावयाचा असेल, तर हे सर्वच्या सर्व ठिपके सेकंदाला १४४ वेळा नव्याने रंगवण्याची वेठबिगार ग्राफिक कार्डाच्या माथी पडते. यास्तव पडदा आधी ठरवावा, तो पडदा ज्याला झेपेल ते कार्ड त्यानंतर, कार्डाला खोळंबून ठेवणार नाही असा प्रोसेसर त्यानंतर, आणि बाकीचा लवाजमा सर्वांत शेवटी. पहिल्याच प्रयत्नात फोर-केचा ध्यास घेणाऱ्याने तो ध्यास वडिलांच्या पैशाने घेऊ नये.

ग्राफिक कार्ड हा या दरबारातील सर्वांत खर्चिक मानकरी असून मंजूर रकमेचा मोठा हिस्सा तो एकटाच गिळतो. एनव्हिडियाच्या कार्डांच्या नावात पहिले दोन अंक पिढीचे आणि पुढचे दोन हुद्द्याचे असतात. म्हणजे ४०६० हा चाळीसच्या मालिकेतला साठच्या हुद्द्यावरचा अंमलदार होय. त्यापुढे ‘टीआय’ किंवा ‘सुपर’ असे किताब, पूर्वी रावसाहेब आणि रावबहादूर लावीत तसे, लावण्याची पद्धत आहे, आणि किताबाबरोबर किंमतही वाढते. मात्र नवी पिढी म्हणजे अधिक सामर्थ्य असा समज करून घेऊ नये. मागल्या पिढीतला वरचा हुद्देदार पुढल्या पिढीतल्या खालच्या हुद्देदाराला अनेकदा पुरून उरतो. वापरलेले कार्ड स्वस्तात मिळते हे खरे; परंतु २०२२ च्या सप्टेंबरात इथेरियम या आभासी चलनाचे कार्डांवर चालणारे मायनिंग बंद पडले आणि अहोरात्र राबून घामाघूम झालेली कितीतरी कार्डे बाजारात उतरली, तेव्हापासून “घरातल्या मुलानं कधीमधी खेळायला वापरलंय” या विक्रेत्याच्या कैफियतीवर किती विश्वास टाकावा, हे ज्याने त्याने ठरवावे.

प्रोसेसर आणि मदरबोर्ड यांची निवड पृथक करता येत नाही, कारण प्रोसेसर ज्या सॉकेटासाठी घडवलेला असतो त्याखेरीज अन्यत्र तो बसतच नाही. एएमडीच्या २०१७ पासूनच्या रायझन प्रोसेसरांसाठी एएम-४ हे सॉकेट होते. २०२२ मध्ये एएम-५ आले आणि त्याबरोबर केवळ डीडीआर-५ जातीचीच रॅम चालेल असा दंडक आला. डीडीआर-४ च्या पट्टीची खाच निराळ्या जागी असल्यामुळे ती त्यात शिरत नाही, आणि जोर केल्याने शिरेल असे मानणाऱ्यांना नवा मदरबोर्ड घ्यावा लागतो. एएम-४ च्या प्रोसेसरला तळाशी १३३१ नाजूक पिना असतात. एएम-५ मध्ये पिनांची बदली प्रोसेसरवरून मदरबोर्डवर झाली. एक वाकली की कोणत्या वस्तूचा भुर्दंड पडावा, एवढाच काय तो फरक. प्रोसेसर कोपऱ्यातील इवल्याशा त्रिकोणाची खूण जुळवून सॉकेटावर नुसता ठेवावा; तो स्वतःच्या वजनाने बसतो, अंगठ्याचा जोर त्याला मान्य नाही. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ हे अक्षर आढळल्यास त्या प्रोसेसरला स्वतःचे ग्राफिक्स नाही असे समजावे. असा प्रोसेसर आधी आणून ‘कार्ड पुढच्या महिन्यात घेऊ’ म्हणणारे लोक पूर्ण महिनाभर काळ्या पडद्यासमोर बसतात.

रॅम आणि एसएसडी यांविषयी विस्तार नको. सोळा जीबी हवी तर आठ-आठच्या दोन पट्ट्या घ्याव्यात आणि चार खाचा असल्यास प्रोसेसरकडून मोजून दुसरीत व चौथीत बसवाव्यात. एसएसडी एनव्हीएमई जातीची घ्यावी, आणि तिला जखडणारा तिळाएवढा स्क्रू जमिनीवर पडू देऊ नये.

आता ज्या वस्तूची कोणीही चौकशी करीत नाही, तिच्याकडे वळू. एसएमपीएस ही लोखंडी पेटी भिंतीतील २३० व्होल्टचा प्रवाह अंगावर घेऊन आतल्या मंडळींना मुख्यतः १२ व्होल्टचा सौम्य रतीब घालते. ती दिसत नाही, झगमगत नाही, खेळाचा वेग तसूभर वाढवीत नाही, आणि म्हणूनच यादीची बेरीज मंजुरीबाहेर गेली की कात्री प्रथम तिच्यावर चालते. दुकानदार कॅबिनेटबरोबर जी फुकट देतो, तिच्या कुशीवरचा कागद चष्मा लावून वाचावा. वर ठळक अक्षरांत ‘५०० वॉट’ लिहिलेले असते. खाली बारीक रकान्यांत १२ व्होल्टच्या खाली अँपिअरचा आकडा असतो. त्या आकड्याला १२ ने गुणावे. आकडा १६ असेल तर गुणाकार १९२ येतो, आणि उरलेले तीनशे वॉट छापखान्याने आपल्या पदरचे घातले आहेत असे समजावे. ‘एटी प्लस’च्या ब्रॉन्झ किंवा गोल्ड या पदव्या विजेचा अपव्यय किती कमी होतो एवढेच सांगतात, पेटीच्या एकूण चारित्र्याचा दाखला देत नाहीत; तरीही ज्या पेटीला तेवढाही दाखला नाही, तिच्या हवाली महागडे कार्ड करणे म्हणजे बेवारस इसमाच्या जामिनावर कर्ज देणे होय.

येथवर काटकसरीने आलेला उमेदवार कॅबिनेटपाशी मात्र हमखास ढळतो. काचेची भिंत, तिच्याआड इंद्रधनुष्याचे फेर धरणारे सहा पंखे आणि प्रकाशमान रॅम पाहून त्याचा विवेक सुटतो. आणि ज्याने एसएमपीएसवर दीड हजार वाचवले, तोच त्याहून अधिक रक्कम दिव्यांवर ओततो. याचे समर्थन शोधू नये. ही रोषणाई पाहुण्यांसाठी असते आणि खेळणारा स्वतः पडद्याकडे पाहत असतो. कॅबिनेटच्या पुढच्या बाजूस हवा आत येईल अशी जाळी आहे काय, कार्डाची लांबी आणि कूलरची उंची आत मावते काय, एवढ्या दोन गोष्टींचा तपास करावा, आणि मग उरलेल्या पैशात हवे तेवढे दिवे लावावेत.

खरेदीसाठी मुंबईकर लॅमिंग्टन रोड गाठतात. तेथे प्रवेश करताच “बजेट किती?” असा प्रश्न येतो; त्यास खरा आकडा सांगू नये, कारण सांगितलेला आकडा ही तेथे मर्यादा नसून प्रारंभ समजला जातो. तीन दुकानांतून कोटेशन लिहून घ्यावे. “पक्कं बिल नको असेल तर जीएसटी सोडतो,” या औदार्याला भुलू नये. अठरा टक्के वाचतात खरे, परंतु कार्ड बंद पडले की वॉरंटी मागण्यास हाती कागद राहत नाही.

जुळणी संपल्यावर पडदा काळाच राहिला, तर सर्व उकलण्यापूर्वी मॉनिटरची केबल पाहावी; ती मदरबोर्डाला नव्हे, ग्राफिक कार्डाला जोडावयाची असते. विंडोज सुरू झाल्यावर डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जाऊन १४४ हर्ट्झ निवडावे, अन्यथा मॉनिटर ६० वरच समाधान मानू शकतो आणि मालक त्याच्या गतीची तारीफ करीत राहतो. तसेच बायॉसमध्ये रॅमचे एक्सएमपी किंवा एक्सपो चालू करावे. ते केल्यावाचून रॅम खोक्यावर छापलेल्या वेगाने धावत नाही.

प्रत्येक भागाची वॉरंटी निराळी आणि मुदतही निराळी असते. म्हणून पावत्या एका फायलीत लावाव्यात आणि आईने रिकामी खोकी रद्दीत देण्याचा हुकूम सोडला, तरी निदान कार्डाचे आणि मदरबोर्डाचे खोके माळ्यावर राहू द्यावे. आणि एक अखेरची विनंती अशी की, मंजूर रकमेतील दोन-तीन हजार रुपये कोणत्याही भागावर खर्ची न टाकता राखून ठेवावेत. कारण खेळ निराळा विकत घ्यावा लागतो.