वेलांटीला हात लावण्यापूर्वी

(होतकरू मुद्रितशोधक व हौशी संपादक यांच्यासाठी नियमावली)

लग्नपत्रिका हातात आल्यावर ज्याला वधूवरांच्या नावांआधी 'पाणीग्रहण' दिसते, त्याने या व्यवसायात यावे. 'पाणि' म्हणजे हात. त्याची वेलांटी दुसरी केली की नवरदेव मुलीचा हात सोडतो आणि हंडा धरतो. ज्यांना हे दिसत नाही, त्यांनी सुखाने पंगतीला बसावे.

पुढील नियम बावीस वर्षांच्या अनुभवातून काढले आहेत असे म्हणणे मला शोभले असते. खरे तर ते एकाच पुस्तकातून निघाले आहेत. धरणांच्या खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांचे ते आत्मचरित्र. त्यांना सगळे साहेब म्हणत, मीही म्हणे. पहिल्याच फोनवर ते म्हणाले, "बाई, मजकूर एकदम तयार आहे. तुम्ही नुसत्या वेलांट्या-उकार बघून द्या." हे वाक्य कानी पडताच दर दुप्पट सांगावा. मी सांगितला नाही.

नियम १. दर पानावर ठरवू नये. पान ही लवचीक वस्तू आहे. साहेबांनी प्रथम १४ पॉइंटांत ४१२ पाने पाठवली. मी पानाचा दर कळवला. चार दिवसांनी तोच मजकूर १० पॉइंटांत, समास खाऊन, २१० पानांत आला. सोबत चिठ्ठी : "कागद वाचवला आहे." ज्याचे आयुष्य ठेकेदारांच्या निविदा तपासण्यात गेले, त्याच्याशी व्यवहार शब्दसंख्येवर करावा.

नियम २. स्मरणशक्तीवर विसंबू नये. साहित्य महामंडळाने १९६२ मध्ये लेखनाचे १४ नियम दिले, १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडली आणि एकूण अठरा झाले. गीतेचे अध्यायही अठराच. दोन्हींबद्दल आदर सर्वत्र आहे, वाचलेले मात्र थोड्यांनी आहे. टेबलावर मो. रा. वाळंबे यांचे व्याकरण आणि अरुण फडके यांचा 'मराठी लेखन-कोश' असावा, आणि जिथे अगदी खात्री वाटते तिथेच तो उघडावा. शंका आली की आपण बघतोच. खात्री दगा देते.

जोडाक्षराची फोड येत असल्यास पाठांतर वाचते. उत् + ज्वल यातला 'त्' पुढच्या 'ज'सारखा होऊन बसतो, म्हणून 'उज्ज्वल'मध्ये दोन ज. 'प्र'कडे द्यायला काही नाही, म्हणून 'प्रज्वलन'मध्ये एकच. महत् + त्व, म्हणून 'महत्त्व'ला दोन त. नेतृ + त्व, म्हणून 'नेतृत्वा'त एकच. दुसऱ्या त-ला तिथे जागा नसते, हे नेत्यांना पाहूनही लक्षात राहील.

नियम ३. 'शिक्षक दीन' असे आढळल्यास 'दिन' करावे. वस्तुस्थितीचा विचार करू नये.

नियम ४. मजकुरात रमू नये. रमलेला डोळा शब्द वाचत नाही, नुसता ओळखतो. प्रूफ कागदावर काढावे, ओळीखाली पट्टी धरावी, दुसऱ्या वाचनाला शेवटच्या परिच्छेदाकडून उलटे यावे. साहेबांच्या पुस्तकात एक रात्र आहे. धरण भरलेले, वीज गेलेली, दरवाजे हाताने उचलायचे, खाली गावात कंदील घेऊन धावणारी माणसे. पंधरा पाने मी पट्टी बाजूला ठेवून वाचली. त्या पंधरा पानांत पूर तीनदा 'पुर' होऊन आला आणि मला दिसला नाही. नियम साधा आहे : एकटा असेल तेव्हा 'पूर' दीर्घ, प्रत्यय लागला की 'पुरात', 'पुराचा' ऱ्हस्व. पण दरवाजा अडकलाय आणि पाणी चढतंय, तेव्हा उकार कोण बघतं?

नियम ५. कथनात 'केले' लिहायचे की 'केलं', हे पहिल्या पानावर ठरवून शेवटपर्यंत पाळावे. हा नियम प्रस्तुत लेखास लागू नाही.

नियम ६. 'सगळे बदला' या बटणापासून लांब राहावे. साहेबांचा एकदा रात्री साडेदहाला फोन आला. "बाई, 'बाबा' फार घरगुती वाटतं हो. सगळीकडे 'वडील' करा." मी झोपेत होते. बटण दाबलं, संगणकाने बदलांचा मोठा आकडा अभिमानाने दाखवला, मी दिवा मालवला. सकाळी बघते तर 'बाबांनी'चं 'वडीलंनी' झालेलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे 'वडीलसाहेब' झालेले. 'यमुनापर्यटन' लिहिणारे बाबा पदमनजी 'वडील पदमनजी' या नावाने साहेबांच्या घराण्यात सामील झालेले. आणि धरणाचे दरवाजे उघडल्यावर धबाबा कोसळणारं पाणी 'धवडील' कोसळत होतं. दुरुस्तीला दोन दिवस लागले. बिल लावले नाही. लावणार कुणाला?

नियम ७. मुद्राराक्षसावर खापर फोडू नये. विशाखदत्ताच्या नाटकातला राक्षस हा नंदांचा इमानी अमात्य, आणि मुद्रा ही त्याची अंगठी. त्या बिचाऱ्याने जन्मात कुणाचं प्रूफ नासवलं नाही, तरी मराठीत छापखान्यातली प्रत्येक चूक त्याच्याच खात्यावर. पूर्वी त्याला खिळे जुळवणाऱ्यांची सोबत होती, आता जुना फॉण्ट युनिकोडमध्ये वळवणाऱ्या सॉफ्टवेअरची आहे. या वळणावर सर्वांत आधी बळी जातो तो 'ऱ्य'. साहेबांच्या साइटवरच्या आचाऱ्याने रात्री पिठलं टाकलं होतं. फाइल वळवल्यावर ते आचार्याने टाकलं. सह्याद्रीच्या दऱ्यांचा दर्या झाला. खात्याने इतकी वर्षं खपून जेवढं पाणी साठवलं नसेल, तेवढं एका क्लिकमध्ये आलं. म्हणून वळवलेली फाइल वाचताना आधी 'र्य' आणि 'ऱ्य' शोधून एकेक तपासावेत. एकेक. नियम ६ आठवावा.

नियम ८. नातेवाइकांची यादी करावी. पान ३० वरची कुसुमआत्या पान ११२ वर सुमनआत्या होते आणि पान २०० वर पुन्हा कुसुम म्हणून वारते. विचारल्यावर लेखक म्हणतो, "दोघीही एकच." हे उत्तर नव्हे, पण पुढे सरकावे.

नियम ९. एक ओळ दुरुस्त झाली की तिच्या वरची आणि खालचीही वाचावी. चूक मरत नाही, शेजारी राहायला जाते. मथळे वेगळे वाचावेत, कारण सर्वांत मोठ्या टाइपातली चूक सर्वांत शेवटी दिसते. अनुक्रमणिकेतले आकडे पानांशी ताडावेत. आणि "हे एवढं एकच पान नंतर देतो, त्यात काही नाही" असे कुणी म्हणाल्यास ते पान आधी मागावे.

नियम १०. धंदा घरात आणू नये. भाजीच्या यादीवर काकपद काढून 'कोथिंबीर'चा अनुस्वार घालू नये. परगावी शिकायला गेलेल्या लेकीचा पहिला निरोप आला, 'आई पोचले'. मी उत्तर पाठवलं, 'आईनंतर स्वल्पविराम.' त्यानंतर ती मला इंग्रजीत निरोप पाठवते. ते मी तपासत नाही, हे तिला ठाऊक आहे.

नियम ११. पत्रे, रोजनिशी, कुणाच्या हातचा मजकूर जसाच्या तसा छापावा. हा नियम सगळ्या चांगल्या संपादकांना माहीत असतो. मलाही होता.

साहेबांच्या पुस्तकात शेवटी परिशिष्ट होतं. त्यांच्या पत्नीची नऊ आंतर्देशीय पत्रं. चौथीपर्यंत शिकलेल्या होत्या, पुस्तकाआधी तीन वर्षं गेल्या. 'तुम्हि काळजि करु नका. इथं पाणि दोन दिवसांनि येतं. भरून ठेवते.' नवरा धरण बांधतोय आणि घरी पाणी एक दिवसाआड, असा विचार माझ्या मनात आला खरा. पण हात थांबला नाही. नऊही पत्रं दुपारभरात स्वच्छ केली. 'तुम्ही', 'काळजी', 'करू', 'पाणी', 'दिवसांनी'. खूप बरं वाटलं.

प्रूफ मिळाल्यावर साहेब साताऱ्याहून एसटीने आले. फोन नाही, काही नाही. चहाला नको म्हणाले. परिशिष्ट उघडून बोट ठेवलं.

"ही पत्रं कुणाची?"

"तुमच्या मिसेसची, साहेब. थोडं शुद्ध केलंय."

"तिनं जन्मात दुसरी वेलांटी काढली नाही, बाई. सगळ्या पहिल्याच."

मग पिशवीतून मूळ पत्रं काढली. निळी शाई फिकट झालेली, आणि तिच्यावर लाल शाईच्या खुणा. वेलांट्या गोल करून दुरुस्त केलेल्या. माझ्या आधी तिथे कुणीतरी येऊन गेलं होतं.

"साइटवरून दुरुस्त करून परत पाठवायचो," ते म्हणाले. "तिला शिकवायचं म्हणून. ती गेल्यावर ट्रंकेत सापडली."

"आणि नऊच?"

"नंतर ती शेजारच्या मुलीकडून लिहून घ्यायला लागली. ती सगळी शुद्ध आहेत. ती छापायची नाहीत."

चुका बिनचूक छापून घेण्याइतकं अवघड काम या धंद्यात नाही. डीटीपीवाला सवयीने सुधारत होता, मी पुन्हा बिघडवत होते. त्या नऊ पत्रांची चार प्रुफं काढली. एकेक पहिली वेलांटी मोजून जागेवर बसवली.

पुस्तक आलं तेव्हा आधी परिशिष्ट उघडलं. पाणि दोन दिवसांनि येत होतं. मग पहिल्या पानाकडे आले. तिथे साहेबांनी छपाईच्या आदल्या दिवशी परस्पर घातलेला ऋणनिर्देश होता. त्यात माझं नाव, आणि नावापुढे 'मुद्रीतशोधन'. वेलांटी दुसरी.

साहेबांना मी अजून कळवलेलं नाही.