एका दुर्मीळ अंकाच्या मालकास अनावृत पत्र

रा. रा. संग्राहक महाशय यांसी,



मराठी कवितेवर आपल्या कुलूपबंद कपाटाचे थोर उपकार आहेत. पन्नास-साठच्या दशकांत 'शब्द', 'असो' यांसारखी अनियतकालिके मोजक्या प्रतींत निघाली आणि बहुतेक रद्दीत गेली. जी उरली ती आपल्यासारख्यांमुळेच. अरुण कोलटकरांची संग्रहाबाहेर राहिलेली एखादी कविता शोधणारा वाचक ग्रंथालयांचे उंबरे झिजवतो, जुन्या पुस्तकांच्या दुकानांत धूळ खातो आणि शेवटी कुणीतरी दबक्या आवाजात आपले नाव सांगतो. आपणही उदार मनाने उत्तर देता: "आहे माझ्याकडे." एवढे सांगून आपण विषय संपवता. अंक मात्र दिसत नाही.

अंक आपल्याकडे आहे म्हणून कविता टिकली, असे आपण मानता. तिथेच माझा मतभेद आहे. कोलटकरांची 'जेजुरी' ही इंग्रजी कवितामालिका 1974 मध्ये 'ओपिनियन लिटररी क्वार्टर्ली'त आली, 1976 मध्ये पुस्तकरूपाने निघाली आणि पुढच्याच वर्षी तिला राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला. या मालिकेतली एक कविता त्याआधी एका छोट्या नियतकालिकात छापून आली होती. तिचा मूळ खर्डा हरवला, तो अंकही हरवला. एक छापील अंक म्हणजे जतन नव्हे, एवढे यावरून कळावे. शंकर गणेश दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मराठी नियतकालिकांची जी थोर सूची केली, ती 1950 पाशी थांबते. अनियतकालिकांचा बहर त्यानंतरचा. म्हणजे शोधणाऱ्याला कविता मिळत नाही ही पुढची गोष्ट, ती कोणत्या अंकात आहे हेही त्याला कळायला मार्ग नाही. ते ठाऊक आपल्याला, आणि आपण धनावरच्या नागासारखे त्यावर बसलेले.

आपले आक्षेप मला अपरिचित नाहीत. पहिला जपणुकीचा: कागद ठिसूळ आहे, हाताळला की तुटतो, आणि नेलेला अंक परत येत नाही. दोन्ही खरे आहे. पुस्तके परत न करण्याची आपल्याकडची परंपरा तर वेदांइतकीच जुनी असावी. पण अंक घराबाहेर जावा असे कोण म्हणतो? फोनने दोन पानांचे छायाचित्र काढताना कागदाला बोटही जोराने लावावे लागत नाही. दुसरा आक्षेप कायद्याचा. कोलटकर 2004 मध्ये गेले, त्यामुळे 2064 अखेरपर्यंत त्यांच्या लेखनावर हक्क आहे, हे मान्य. पण तो हक्क वारसांचा. आपल्या मालकीचा आहे तो कागद. शिवाय खासगी अभ्यासापुरत्या वापराला 1957 च्या कॉपीराइट कायद्यातच सवलत आहे.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे: कवीनेच वगळलेली कविता उकरून काढायची कशाला? एखाद्याने आपली कविता जाणून टाकून दिली असेल, तर त्याच्या निवडीला मान द्यावा, हे मलाही पटते. पण संग्रहात नसणे म्हणजे टाकून देणे नव्हे. पन्नासच्या दशकापासून लिहिणाऱ्या कोलटकरांचा पहिला मराठी संग्रह 1977 मध्ये आला, आणि 'भिजकी वही', 'चिरीमिरी', 'द्रोण' ही पुस्तके थेट 2003-04 मध्ये. इतक्या सावकाश पुस्तक करणाऱ्याच्या बाबतीत गैरहजेरीचा अर्थ नकार असा कसा लावणार? साठच्या दशकात एका अनियतकालिकात आलेली 'द बोटराइड' त्यांच्या हयातीत त्यांच्या कुठल्याच संग्रहात नव्हती. 2009 मध्ये अरविंद कृष्ण मेहरोत्रांनी संपादित केलेल्या पुस्तकाला तिचेच नाव मिळाले. केशवसुतांचे तर हयातीत एकही पुस्तक नव्हते. मासिकांत विखुरलेली त्यांची कविता हरि नारायण आपट्यांनी त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध केली. त्या काळच्या प्रत्येक वर्गणीदाराने नुसतेच "आहे माझ्याकडे" म्हटले असते, तर आज 'आधुनिक मराठी कवितेचे जनक' ही पदवी आपण कुणाला देत असतो?

अंक भेट द्या, विका किंवा मृत्युपत्रात लिहा, असे काहीच मागत नाही. तेवढे मोठे मन आपल्याकडे मागणे अन्यायाचे होईल. आपल्याकडच्या प्रत्येक अंकाचे मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिका यांची छायाचित्रे काढा आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या संस्थेकडे पाठवा. कविता पुढे दाखवायची की नाही ते आपण ठरवा. ती कुठे आहे एवढे तरी जगाला कळू द्या. हे काम येत्या रविवारी दुपारी होण्यासारखे आहे.

कळावे,
आपला,
एक वाचक